उरलेला हार

चोपड्याच्या एसटी स्टँडसमोर हिलाल नानांचं फोटोचं दुकान आहे. पाटीवरचं नाव उन्हानं केव्हाच उडून गेलंय, पण त्यावाचून कुणाचं काही अडत नाही. पासपोर्टचे फोटो, साखरपुडे, बारशी, आणि केळीचा घड मांडीवर घेऊन बसलेले शेतकरी, असा नानांचा धंदा. घडाचा फोटो काढताना ते शेतकऱ्याला सांगतात, "दादा, तुम्हीन हासू नका. घड हासी ऱ्हायना, तेवढं पुरं शे." सरळ बोलतील तर शपथ.

मी प्रशील. मूळचा बोदवडचा, पण गेली एकोणीस वर्षं सातपुड्याच्या पायथ्याला एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. नाना आमच्या शाळेत ओळखपत्रांचे फोटो काढायला आले, तेव्हाची आमची ओळख. त्यांनी पहिल्या दिवशी शंभरेक मुलांचे फोटो काढले आणि एकालाही "सरळ बघ" म्हणून दरडावलं नाही. ते काम दिवसभर मीच करत होतो. संध्याकाळी चहा पिताना मला म्हणाले, "सर, तुम्हीन उद्या सुट्टी ल्या. पोरे चांगला दिसतीन." मला सणकून राग आला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लांब झाडाखाली जाऊन बसलो आणि फोटो खरोखरच चांगले आले. राग तिथेच विरला, तो आजतागायत परत आला नाही.

नानांचं खरं काम मात्र दुकानाबाहेरचं. पंचवीस वर्षं ते सातपुड्यातल्या पावरा आदिवासींचे फोटो काढताहेत. कुणी सांगितलं नाही, कुणी मानधन दिलं नाही. होळीच्या आधी डोंगरात भोंगऱ्याचे बाजार भरतात, ढोल घेऊन पाडेच्या पाडे खाली उतरतात, तेव्हा बाहेरून पुष्कळ फोटोवाले येतात. चांदीचे दागिने टिपतात, नाचणाऱ्या पोरी टिपतात आणि निघून जातात. ते फोटो पुढे कुठे जातात ते पावरा माणसाला कधीच कळत नाही. नानांची रीत उलटी. आधी द्यायचं, मग घ्यायचं.

म्हणजे असं, की दर होळीला ते आदल्या वर्षीचे सगळे फोटो छापून पत्र्याच्या पेटीत भरून उंबरखोऱ्याला नेतात. उंबरखोरं हा त्यांचा मुख्य पाडा. तिथे दोन सागांमध्ये दोरी बांधतात आणि कपडे वाळत घालावेत तसे फोटो चिमट्यांनी लावतात. मग अख्खा पाडा त्या दोरीच्या कडेकडेनं चालतो. मोहाची फुलं पडत असतात, त्यांचा गोड वास नाकात बसलेला असतो, आणि माणसं गेल्या वर्षीच्या स्वतःपुढे उभी राहून बघत असतात. एखादी बाई फोटोतल्या तान्ह्याकडे बघते, मग कमरेवरच्या पोराकडे बघते आणि स्वतःशीच हसते. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपण जागे नाही. दोरीवरच्या माणसांना वारा लागत होता आणि जमिनीवरची माणसं हलत नव्हती.

ज्याचा त्याचा फोटो ज्यानं त्यानं काढून न्यायचा. दोरी रिकामी झाली की नाना कॅमेरा बाहेर काढतात. त्याआधी नाही.

उंबरखोऱ्याचा पुजारा होता जामसिंग. पुजारा म्हणजे पाड्याच्या देवांचं करणारा माणूस. काटक, काळा, कानात चांदीच्या बाळ्या, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की याला काहीतरी गंमत माहीत आहे आणि तो सांगणार नाही. नानांवर त्याचा जीव होता. त्यानं नानांना लग्नं दाखवली, पेरणीची पूजा दाखवली, रात्र रात्र नाचवलं. फक्त एका जागेला नाही म्हटलं.

पाड्याच्या वर ओहोळ वळतो तिथे एक खोलगट जागा आहे. तिथे वाघदेवाचे सागाचे खांब उभे आहेत. काही नवे, काही कुजत आलेले, एक तर अर्धा मातीत गेलेला. खांबांवर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. देव जुना झाला की त्याला डागडुजी नाही. तो मातीत जातो, शेजारी नवा उभा राहतो. मी देव मानणाऱ्यांतला नाही, आमच्या घरात ते नाहीच. पण त्या जागी गेलो की माझाही आवाज आपोआप खाली येतो. ओहोळाचं पाणीसुद्धा तिथे हळू बोलतं.

नानांना आयुष्यात एकच फोटो हवा होता. पहाटेचा, त्या खांबांचा. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं, तेव्हा जामसिंग पावरी भाषेत एकच शब्द बोलला. त्याचा अर्थ, "बसू."

बसू म्हणजे पाडा बसेल. देवाची जागा एकट्या पुजाऱ्याची नाही, तेव्हा सगळी घरं बसून हो म्हणाली तरच कॅमेरा आत जाईल. त्यात एकही घर कमी चालायचं नाही. आणि इथेच घोडं अडायचं. दरवर्षी कुणी ना कुणी गुजरातेत ऊसतोडीला, कुणी धुळ्याकडे वीटभट्टीवर. होळीला आलेलं घर दिवाळीला नसायचं. नाना दरवर्षी विचारायचे आणि जामसिंग दरवर्षी म्हणायचा, "बसू." अशी बावीस वर्षं गेली. मी एकदा चिडून म्हणालो, "नाना, पहाटे गुपचूप जाऊन काढून घ्या की! कोण बघतंय?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आजही तो विषय निघाला की चप्पल शोधायला लागतो.

मग तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात निरोप आला. त्या साली पाऊस लांबला होता, माणसं कामाला गेलीच नव्हती. सगळी घरं पाड्यात होती. पाडा बसला, आणि हो म्हणाला. येत्या होळीला कॅमेरा घेऊन ये.

नाना नवरदेवासारखे वागायला लागले. गिऱ्हाइकाला फुकट चहा. कमलबाईंना, म्हणजे त्यांच्या घरच्यांना, नवं पातळ. जामसिंगचा एक जुना फोटो होता, खांद्यावर कुऱ्हाड घेऊन हसतानाचा. तो मोठा करून त्यांनी फ्रेम केला आणि दुकानाच्या दर्शनी भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून लावला.

पुढे दसरा आला. दसऱ्याला दुकानात कॅमेऱ्यांची पूजा असते. कमलबाई दरवर्षी मोजून आठ हार करतात. तीन कॅमेरे, चार देव आणि नानांचे वडील. त्या वर्षी गणपतीची फ्रेम फुटून दुरुस्तीला गेलेली, म्हणून एक हार उरला. ताजा झेंडू, टाकून कसा द्यायचा? नाना स्टुलावर चढले आणि प्रेमानं तो हार जामसिंगच्या फोटोला घालून खाली उतरले.

मी तिथेच पेढा खात उभा होतो. मला काही वाटलं नाही. हेच मला अजून टोचतं.

दुकानासमोरून डोंगरात जाणाऱ्या जीपगाड्या सुटतात. बाजार करून निघालेल्या कुठल्याशा पाड्यातल्या बायांनी तो फोटो बघितला. चोपड्याच्या दुकानांनी त्यांना एवढं शिकवलंच होतं की फोटोला हार म्हणजे एकतर देव, नाहीतर मेलेला माणूस. जामसिंग देव नव्हता.

नेमका जामसिंग तेव्हा महिनाभर लेकीकडे, पलीकडे मध्य प्रदेशात गेलेला. त्याच्याजवळ फोन नव्हता. बातमी डोंगरभर गेली. हिलालकडे हार घातलाय म्हटल्यावर विचारायचं काय? त्याला नाही कळणार तर कुणाला कळणार? सहा पाड्यांची माणसं धान्य घेऊन, ढोल घेऊन उंबरखोऱ्याला आली. बाया दोन दिवस रडल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी जामसिंग काखेत कोंबडी धरून डोंगर उतरत होता. त्याला पाड्यात बऱ्याच चुलींचा धूर दिसला. कुणाचं तरी लग्न असेल, जेवण चुकायला नको, म्हणून गडी पळत आला. अंगणात येऊन त्यानं विचारलं, "काय आहे?" एक म्हातारी किंचाळून घरात पळाली. मग तो खाली बसला आणि आधी जेवला.

हे ऐकून आम्ही आधी हसलो. पोट धरून हसलो. मग पुढचं कळलं.

पाड्याच्या जाणत्यांनी सांगितलं, सहा पाडे ज्याच्यासाठी रडले तो देवापुढे उभा कसा राहणार? त्याचं इथलं संपवून झालंय. आता ज्या ज्या घरानं डोळ्यांतून पाणी काढलं, त्या त्या घरानं त्याला आपल्या अंगणात बघायचं आणि आपल्या हातानं पाणी पाजायचं. रडणं असं परत घ्यायचं. एकही घर राहिलं तर जामसिंग पुजारा नाही. आणि तो पुजारा नाही, तर त्यानं बसवलेल्या पाड्याचा शब्दही उरत नाही.

रडलेली घरं एकूण एक्केचाळीस. त्यातली निम्मी तोवर कामाला खाली उतरलेली.

नाना दोन दिवस दुकान उघडेनात. कमलबाई मला म्हणाल्या, "सर, भाकर खाई नही ऱ्हायनात. नुसता आढा देखतस." मी गेलो तर नाना खाटेवर पडलेले. म्हणाले, "मना फोटो गया त्यानं काही नही. पन मी त्यानं देऊळ बंद करी टाकं ना, सर." एवढं बोलून तोंड भिंतीकडे फिरवलं. साठीचा माणूस, पण खांदे हलत होते. मी उठून त्यांच्या गाडीत पेट्रोल आहे का ते बघून आलो.

तिसऱ्या दिवशी नानांनी गाडी काढली, जामसिंगला मागे बसवलं आणि फिरायला सुरुवात केली. दिवाळीपासून होळीपर्यंत. रविवारी मी माझ्या गाडीवर सोबत जायचो. एकेक अंगण. घरधनीण तांब्या घेऊन यायची, जामसिंग ओंजळ धरायचा, आणि नाना फोटो काढायचे. ते फोटो मी पाहिलेत. ज्याच्यासाठी आपण रडलो तो समोर ओंजळ धरून बसलाय, अशा वेळी माणसाचा चेहरा कसा होतो हे मला त्याआधी माहीत नव्हतं. राग असतो त्यात. फुकट रडवलंस म्हणून. आणि त्या रागाखालून आनंद असा वर येत असतो की फोटोत दोन्ही एकदम दिसतात.

शेवटचं घर धुळ्याच्या पुढे एका वीटभट्टीवर होतं. फेब्रुवारीची दुपार, सगळीकडे लाल धूळ, भट्टीवरची हवा पाण्यासारखी थरथरत होती. तिच्यातून एक बाई चालत आली. पाय जमिनीला लागत नसल्यासारखी दिसत होती. तांब्या नव्हता, तिच्या हातात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली होती. तिनं जामसिंगला पाजलं, उरलेलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं आणि त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. जामसिंग हसायला लागला. नाना कॅमेरा डोळ्याला लावून रडत होते, त्यामुळे तो एक फोटो जरा हललेला आहे.

होळीला एक्केचाळीस फोटो दोरीवर लागले. दुसऱ्या दिवशी जामसिंग पुन्हा देवापुढे उभा राहिला. नाना खूष होते, पण आतल्या जागेचं त्यांनी विचारलंच नाही. जुना शब्द संपला होता. नवा मागायला आता तोंड नव्हतं. पुढच्याही वर्षी विचारलं नाही. शेवटी जामसिंगनंच छेडलं, "काय रे, यंदा मागत नाहीस?" नाना पावरीत म्हणाले, "बसू." दोघं हसले. मी हसलो नाही. मला त्या जामसिंगचा राग आला होता, उगाच.

गेल्या पौषात मला उंबरखोऱ्याहून फोन आला. जामसिंगचा पुतण्या गुमानसिंग होता. "सर, बाबा गेला." आणि मी, शरमेची गोष्ट आहे पण सांगतो, विचारलं, "नक्की?"

"नक्की," तो म्हणाला. "मी हातानं माती दिली. पण खालची माणसं मानत नाहीत. वीटभट्टीवरून, ऊसतोडीवरून फोन येताहेत. म्हणतात, हिलालच्या दुकानात हार लागलाय का ते आधी सांग. तुम्ही नानाला सांगा, हार घालायला. त्याशिवाय कुणी निघत नाही."

मी दुकानात गेलो आणि सांगितलं. कमलबाई बाहेर जाऊन झेंडू घेऊन आल्या आणि तिथेच बसून ओवायला लागल्या. हार झाला. नाना स्टुलावर चढले, हार हातात धरून उभे राहिले आणि तसेच खाली उतरले.

"मांगे घाला व्हता तवय चालत चालत परत ऊना व्हता," ते म्हणाले. "आते घाला तं येवाव नही."

मी म्हणालो, "नाना, तो गेलाय."

"माले माहीत शे, सर. पन मी घालस नही तोपावत आख्खा डोंगरमा तो जित्ता शे ना."

नानांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, स्टूल फोटोसमोर ठेवलं आणि त्यावर बसले. फोटोतल्या जामसिंगला म्हणाले, "बसू." मी पायरीवर बसलो. कमलबाई पदरात उरलेली फुलं घेऊन बसल्या. शटरवरच्या जाळीतून उन्हाची पट्टी आत आली होती, ती हळूहळू सरकत फोटोच्या काचेवर गेली, कुऱ्हाडीवर चढली, मग हसणाऱ्या तोंडावर. बाहेर कंडक्टर शिरपूर, शिरपूर ओरडत होता. किती वेळ बसलो सांगता येणार नाही. पट्टी फोटोवरून उतरली तेव्हा नाना उठले आणि त्यांनी हार घातला.

मग मोबाइलवर त्या हार घातलेल्या फोटोचा फोटो काढला आणि एकेका घराला पाठवत राहिले. एक्केचाळीस घरं, सगळ्यांचे नंबर त्यांच्याकडे होतेच. ज्या बाईनं धपाटा घातला होता तिला शेवटी पाठवला. तिचा उलट फोन आला. ती नुसती रडली. नाना फोन कानाला धरून ऐकत राहिले.

बाराव्या दिवशी उंबरखोऱ्यात सगळी घरं होती. भट्टीवरची, उसातली, सगळी. एकही दार बंद नव्हतं. आम्ही जेवून हात धूत होतो तेवढ्यात गुमानसिंग आला. "नाना, आत्ता सगळेच आहेत," तो म्हणाला. "म्हणून आम्ही बसलो होतो. उद्या पहाटे कॅमेरा घेऊन चल."

ती पहाट मला नीट आठवत नाही, म्हणजे स्वप्न आठवावं तशी आठवते. ओहोळावर धुकं बसलं होतं. खांब त्यातून अर्धे वर निघालेले, आणि कोणता जुना, कोणता नवा, कळत नव्हतं. सगळ्यांवर दव होतं. नानांनी चपला लांब काढल्या आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. धुकं जरा हललं. एकदाच आवाज झाला, कॅमेऱ्याचा. मग त्यांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं. मी विचारलं, "एकच?" ते म्हणाले, "एकच मांगेल व्हता."

या होळीला तो फोटो दोरीवर सगळ्यात शेवटी होता. पाडा त्याच्यापुढे नेहमीसारखा उभा राहिला. बायांनी लेकरांना उचलून दाखवला. फोटो छान आलाय, माझ्यासारख्या न मानणाऱ्याला सुद्धा त्याच्यापुढे हात कुठे ठेवावेत कळेना. दोरी रिकामी झाल्यावर गुमानसिंगनं तो काढून घरात नेला.

परतताना मी नानांना म्हणालो, पंचवीस वर्षं वाट पाहिलीत, आता एक मोठा छापून दुकानात लावा. जामसिंगच्या शेजारी भिंत रिकामीच आहे.

नाना गाडी चालवत होते. शेवटी उतार संपला, केळीच्या बागा लागल्या, तेव्हा म्हणाले, "नको भो. त्या जित्ता देव शेतस. आपला दुकानमा कोन्ही तरी हार घाली दी."